पहिली मोटरसायकल निवडताना सोबत उभ्या राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून पत्र लिहायला घेतलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पहिली मोटरसायकल घ्यायच्या विचारात असलेली माझ्यासारखी पुष्कळ जणं आहेत. ‘कोणती घ्यावी’ याचं उत्तर तयार असलेली माणसं त्यांना जागोजागी भेटतात. उत्तर द्यायच्या आधी चार प्रश्न विचारणारं माणूस क्वचित भेटतं. मला ते भेटलं.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात गाड्यांच्या नावांची यादी होती. सीसी, पॉवर, मायलेज, सगळं पाठ. तुम्ही यादी शांतपणे वाचलीत, बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, “गाडी रात्री उभी कुठे राहणार? तिथून रस्त्यापर्यंत ढकलत आणावी लागेल का? वाटेत उतार आहे? मागे कोणी बसणार आहे? पावसाळ्यात चालवणार की झाकून ठेवणार?” गाडी रोज कशी वापरायची याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. यादीतली निम्मी नावं तिथल्या तिथे गळली, आणि तुम्ही त्यातल्या एकाही गाडीला नावं ठेवली नव्हतीत.

मग तुम्ही स्वतःची गाडी माझ्या हातात दिलीत, चावी मात्र तुमच्याच खिशात. म्हणालात, “आधी हिला चालत फिरव.” डावीकडे उभं राहायचं, दोन्ही हात हँडलवर, कंबर सीटला टेकलेली, उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर. सरळ ढकलणं जमलं. वळवायला गेले आणि गाडी जराशी पलीकडे कलली. तोपर्यंत तिला वजन आहे असं वाटतच नव्हतं. एका ठरावीक कोनापलीकडे गेल्याबरोबर ते सगळंच्या सगळं हातांवर आलं. पलीकडच्या बाजूला तुम्ही उभ्या होतात, तुम्ही नुसता तळवा लावलात आणि गाडी सरळ झाली. “हा कोन लक्षात ठेव. याच्या आत गाडी तुझी, बाहेर गेली की जमिनीची.” त्यानंतर सेंटर स्टँड लावायला शिकवलंत. हातांनी उचलायचं नाही, स्टँडच्या पट्टीवर पाय ठेवून अंगाचा सगळा भार द्यायचा, गाडी आपोआप मागे चढते. इंजिन चालू न करता गाडीबद्दल एवढं कळतं याची मला कल्पना नव्हती.

माहितीपत्रक वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. वजनाच्या रकान्यात कर्ब वेट बघायचं, म्हणजे तेल आणि पेट्रोल धरून. ड्राय वेट दिलेलं असेल तर तो आकडा फसवा. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे 14 लिटरची टाकी पूर्ण भरली की दहा किलोंच्या वर भार वाढला, आणि तोही गाडीच्या वरच्या भागात, जिथे तो सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणून दोन गाड्यांचं वजन कागदावर सारखं असलं तरी एक हलकी वाटते आणि दुसरी जड.

सीटच्या उंचीचंही तसंच. माझी उंची बेताची, त्यामुळे मी फक्त मिलिमीटर बघत होते. 800 मिलिमीटरची पण पुढे निमुळती सीट आणि 780 ची पण रुंद सीट, दोन्हींवर तुम्ही मला बसवलंत. कागदावर उंच असलेल्या गाडीवरच माझे पाय जास्त टेकले, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय आखूड पडतात. शिवाय आपल्या वजनानं शॉकअप थोडे दबतात, तेही धरायचं. शोरूममधले गृहस्थ “सवय होते, काळजी नको” असं म्हणत राहिले. तुम्ही त्यांना गाडी चौथऱ्यावरून खाली, उतारावर घ्यायला लावलीत आणि मला म्हणालात, “आता दोन्ही पायांनी मागे ढकल.” गाडी हलली नाही. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मलाही काही विचारावं लागलं नाही. सपाट फरशीवर टाचा टेकल्या म्हणजे खडीच्या उतारावरही टेकतील असं नसतं, हे नव्या चालकाला आवर्जून सांगायला हवं.

इंजिनाबद्दल मात्र आपण बराच वाद घातला. मला वाटायचं, थोडी मोठी घेतली तर पुन्हा बदलायला नको. तुम्ही सांगितलंत की नुसत्या सीसीवरून काही कळत नाही. ताकद आणि वजन यांचं प्रमाण बघायचं, आणि ती ताकद किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, येते तेही. युरोपातल्या ए२ परवान्याला, म्हणजे मोटरसायकलच्या मधल्या टप्प्याच्या परवान्याला, 35 किलोवॉटची मर्यादा आहे आणि गाडीच्या दर किलोमागे 0.2 किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. नियम करणाऱ्यांनीही वजनाचा विचार केला आहे तो उगाच नाही. नवशिक्याला कमी आरपीएमला टॉर्क, म्हणजे ओढ, देणारं इंजिन बरं. क्लच सोडताना चुकलं तरी ते सांभाळून घेतं.

वाद खरा मिटला तो तुम्ही हॅरी हर्ट या अमेरिकन संशोधकाच्या अभ्यासाबद्दल सांगितलंत तेव्हा. लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 हून अधिक मोटरसायकल अपघातांची त्यांच्या चमूनं जागेवर जाऊन पाहणी केली होती, अहवाल आला 1981 मध्ये. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. अपघात झालेल्या निम्म्याहून जास्त चालकांना रस्त्यावर चालवण्याचा अनुभव सरासरी तीनेक वर्षांचा होता, पण अपघातातली *ती* गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. म्हणजे हात बसलेला असला तरी गाडी अनोळखी असली की धोका आहेच. माझा तर हातही नवा. तेव्हा लवकर ओळखीची होईल अशीच गाडी घ्यायची, हे तिथं पक्कं झालं.

एबीएसवर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, तुम्ही तडजोड करू दिली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. घाबरलेला माणूस ब्रेक करकचून दाबतो, पुढचं चाक लॉक होतं आणि चाक फिरायचं थांबलं की गाडी हँडलला जुमानत नाही. ब्रेक लागल्यावर भार पुढे सरकतो, म्हणून खरं थांबवणारा ब्रेक पुढचाच, आणि नवे लोक नेमके त्यालाच घाबरतात. सिंगल चॅनल असेल तर ते बहुधा पुढच्या चाकालाच असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं, हेही तुम्ही बजावलंत.

आणि ती सेकंड हँड गाडी! रंग इतका झकास होता की मी मनातून घेऊन टाकली होती. तुम्ही मालकाला आधीच फोनवर सांगितलं होतंत, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाजवळ हात नेऊन बघितलंत. गार होतं. थंड इंजिन कसं चालू होतं आणि सायलेन्सरमधून काय येतं हेच बघायचं असतं. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. तसं काही नव्हतं. मग सेंटर स्टँडवर गाडी घेऊन पुढचं चाक अधांतरी केलंत आणि मला हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगितलंत. बरोबर मधोमध एक बारीकशी खाच लागली. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेलेला. शॉकअपच्या नळीवर बोट फिरवलंत, बोटाला तेल लागलं. चेनच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले. मालक टायरच्या नक्षीकडे बोट दाखवून “बघा, नवाच आहे” म्हणत होते आणि तुम्ही टायरच्या बाजूवरचे चार आकडे मला वाचून दाखवलेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर होती, पण रबर कडक झालेलं. हँडलच्या टोकावर आणि फूटरेस्टवर घासल्याच्या खुणा एकाच बाजूला होत्या. चासी नंबर कागदाशी ताडून झाला आणि तुम्ही मालकांचे नीट आभार मानून मला बाहेर आणलंत. त्यांना दुखावलं नाहीत याचं मला आजही अप्रूप आहे.

पुढे मिळालेली गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा रंग फिका आहे, पण हँडल लोण्यासारखं फिरतं.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या पैशांआधी बाजूला काढायला लावलेत, हातमोजे माझ्या मनातही नव्हते ते घ्यायला लावलेत. पडताना माणूस आधी हात टेकतो, एवढंच तुम्ही म्हणालात. हेल्मेट हलवलं की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, ही तुमची परीक्षा मी आता ओळखीच्या सगळ्यांना करायला लावते.

आणखी एका गोष्टीचे आभार. गाडी घरी आल्यावर तुम्ही मला रस्त्यावर जाऊ दिलं नाहीत. मोकळ्या मैदानात हाफ क्लचवर, मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवून, गोल गोल फिरवत राहिलात. मी पुढच्या चाकाकडे बघायचे आणि तुम्ही लांबून ओरडायचात, “जायचंय तिकडे बघ!” नजर उचलली की वळण आपोआप छोटं व्हायचं. तुमच्या सुट्टीच्या सकाळी त्यात गेल्या, त्याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत.

ताई, यादीतली गाडी मी कुणालाही न विचारता घेऊ शकले असते. तुम्ही वेळ दिलात म्हणून मला झेपणारी गाडी मिळाली आणि मी रोज ती आनंदानं चालवते. मनापासून आभार.

चेन थोडी सैल वाटतेय. ताण कसा मोजायचा ते दाखवलं होतंत, पण पहिल्या वेळी तुमच्यासमोरच करते. रविवारी घरी असाल ना?

तुमची,
खालच्या मजल्यावरची