शुमानच्या चौथ्या सिंफनीत तुम्ही घुसवलेली शांतता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक सदस्यत्वाचे पैसे परत मिळण्याबाबत

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानच्या या डी मायनर सिंफनीच्या (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेच्या) १८५१ च्या सुधारित आवृत्तीत चारही मूव्हमेंट, म्हणजे भाग, न थांबता वाजतात. तिसरा भाग, स्केर्झो, विरत जातो आणि त्याच मंद आवाजातून फिनालेची, म्हणजे चौथ्या भागाची, संथ प्रस्तावना उगवते. मग ब्रास (पितळी वाद्यांचा ताफा) चढत चढत जातो. कंडक्टर फुर्टवेंगलर आणि बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं १९५३ चं मोनो रेकॉर्डिंग जाणकार याच चढासाठी पुन्हा पुन्हा लावतात. तुमच्या संगीत ॲपवर नेमकी तिथे दोन सेकंद शांतता.

'गॅपलेस' (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणारी सोय) चालू आहे. फोनवर हेडफोन लावून ऐकलं तर सलग वाजतं, वायफाय स्पीकरवर पाठवलं की तुटतं. म्हणजे फाइलमध्ये दोष नाही. एन्कोडरने (फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामने) ट्रॅकच्या टोकांना भरलेली रिकामी सॅम्पल्स (आवाजाचे सूक्ष्म तुकडे) छाटली नाहीत तर सेकंदाच्या काही शतांशाचा खड्डा पडतो. दोन सेकंद पडतात ते स्पीकरकडे पुढचा ट्रॅक आधीचा संपल्यावरच मागितला जातो म्हणून. हे तुमच्या इंजिनिअरांना मी शिकवायला नको.

तुमच्या प्रतिनिधीला मात्र शिकवावं लागलं.
"सर, कुठलं गाणं अडकतंय?"
"तिसरं संपून चौथं सुरू होतं तिथे थांबतं."
"मग सर, गाणं संपल्यावर थांबणारच ना?"
थांबायचं नसतं, असं सांगितल्यावर सिंगरचं नाव विचारलं. सिंगर नाही म्हटल्यावर कॉल होल्डवर. मग वरिष्ठांशी बोलून आलेला तोडगा : क्रॉसफेड (एका ट्रॅकच्या शेवटावर पुढचा ट्रॅक चढवणं) पाच सेकंदांवर ठेवा! वा. आता स्केर्झोच्या शेपटावर फिनालेची प्रस्तावना चढते, आणि डी मेजरच्या शेवटच्या तडाख्यात पुढच्या अल्बमचा पियानो मिसळतो. त्यावर 'तक्रार निकाली, पाच तारे द्या' असा मेसेज. निर्लज्जपणालाही काही प्रमाण असतं.

दुसरं. कंडक्टर गार्डिनरच्या शुमान सिंफनींच्या संचात ही सिंफनी दोनदा आहे, १८४१ ची मूळ आणि १८५१ ची. मूळ आवृत्तीचं ऑर्केस्ट्रेशन (वाद्ययोजना) हलकं. संगीतकार ब्राम्सला तीच पसंत होती आणि ती १८९१ मध्ये छापली गेली. तुमच्या यंत्रणेने तिला 'डुप्लिकेट' समजून उडवलं. आवृत्ती लिहायला रकानाच नाही. कंडक्टर सेलने क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासाठी शुमानच्या ऑर्केस्ट्रेशनला हात लावला होता, कंडक्टर झावालिशने १९७२ मध्ये ड्रेस्डेनच्या ल्यूकासकिर्श या चर्चमध्ये शुमानच्या सिंफनी रेकॉर्ड केल्या. असे दोन संच शेजारी ठेवून ऐकायचे तर काय वाजतंय हे आधी कळायला हवं. शिवाय आवाजाची पातळी अल्बमनुसार न धरता ट्रॅकनुसार समान केल्याने रोमान्झ ही संथ दुसरी मूव्हमेंट पहिल्या मूव्हमेंटइतकीच मोठी ऐकू येते. तुलना कसली करणार, कपाळ?

आणि ती शांतता अजून तशीच आहे. 'अभिजात संगीताच्या रसिकांसाठी' असं जाहिरातीत लिहून तुम्ही जास्त पैसे घेतलेत. एकेकाळी तुमचं नाव मी स्वतःहून चार जणांना सुचवलं होतं. ते आता परत घेतो.

१५ दिवसांत स्पीकरवरचं गॅपलेस दुरुस्त करा, १८४१ ची आवृत्ती परत आणा, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे खात्यात जमा करा. तसं झालं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जाईल, कॉल रेकॉर्डिंगसकट.

एक सदस्य (अजून तरी)

ता. क. क्रॉसफेड बंद केला आहे. तो पुन्हा चालू करा असं सांगायला फोन करू नये.