सुभेदार साहेब, आबांची काळी ट्रंक तुम्ही वाचून दाखवलीत

ती. सुभेदार साहेब यांस,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. पेढ्यांचा पुडा दिला तर बाकड्यावर बसलेल्यांत वाटून टाकता आणि पाकीट पुढं केलं की तुमचा आवाज एकदम परेडचा होतो. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. वाचून रागावलात तर खुशाल रागवा.

आबा गेले, दिवसकार्य उरकलं आणि आईच्या पेन्शनचा विषय निघाला. घरात फौजेतलं कळणारा माणूस एकच, आणि तोच गेलेला. मागं उरली ती पत्र्याची काळी ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, मनीऑर्डरच्या पावत्या आणि रुमालात बांधलेली मेडल्स. इंग्रजी आम्हा भावंडांना वाचता येतं हो, पण त्या कागदांतली आद्याक्षरं म्हणजे निराळीच लिपी. गावातल्या एकानं 'पंधरा हजारांत सगळं करून देतो' म्हणून सांगितलं होतं आणि भाऊ पैसे द्यायला तयारही झाला होता. एवढ्यात डेअरीवर कुणीतरी म्हणालं, एसटी स्टँडमागं माजी सैनिकांची खोली आहे, तिथं शनिवारी सुभेदार बसतात, आधी त्यांना भेटा.

तुम्ही पहिला प्रश्न आम्हाला नाही, आईला विचारलात. "काकी, पलटण कोणती?" आई म्हणाली, "जंगी." आणि विचारलं नसताना आबांचा नंबरही एका दमात सांगून मोकळी झाली. स्वतःची जन्मतारीख तिला धड सांगता येत नाही. हा नंबर मात्र लग्नापासून आबा कायमचे घरी येईपर्यंत प्रत्येक अंतर्देशीय पत्रावर, '५६ एपीओ' या फौजेच्या टपाल पत्त्याच्या वर, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला. तुम्ही डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहिलात आणि नुसती मान हलवलीत. त्या दिवशी आईला पहिल्यांदा जरा बरं वाटलं असावं, कारण नंतर तिनं तुमच्याकडं चहा मागून घेतला.

मेडल्स तुम्ही टेबलावर ओळीनं मांडलीत आणि एकेक बोट ठेवून सांगत गेलात. हे संग्राम मेडल. हे स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा नोकरीत असलेल्यांना मिळालं. हे ९ वर्षांच्या सेवेचं. आणि हा 'पूर्वी स्टार', तो १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांचा. मग म्हणालात, "जंगी पलटण आणि पूर्वी स्टार, म्हणजे तुमचे वडील जमालपूरला होते."

आम्हाला हे बांगलादेशातलं जमालपूर ठाऊक नव्हतं. आबांनी त्या लढाईबद्दल घरात सांगितलं ते एवढंच, की ब्रह्मपुत्रा ओलांडताना तिकडच्या लोकांनी सामानाला बैलगाड्या दिल्या आणि तिकडचे बैल आपल्या खिल्लारांपेक्षा फार ठेंगणे असतात. पुढचं तुमच्याकडून कळलं. कर्नल ब्रारांची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, शत्रूच्या मागं जाऊन ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून बसली होती. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं चिठ्ठी धाडली, तर त्यांच्या कर्नलनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते रस्ता फोडायला लाटेमागून लाट घेऊन आले आणि मराठे जागचे हलले नाहीत. सकाळी जमालपूर पडलं. पुढं पलटणीला 'जमालपूर' हा युद्धसन्मान मिळाला. तेव्हा आबा तेवीस वर्षांचे होते. आज माझा मुलगा त्याच वयाचा आहे आणि त्याला सकाळी उठवायला दोन हाका माराव्या लागतात.

मिलिटरी अपशिंग्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि व्हायलाच हवं. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाची ४६ माणसं गेली. पण आपल्या सातारा जिल्ह्यात वेशीवर फौजेच्या नावाची कमान नसलेलीही गावं आहेत आणि तिथल्या माळ्यांवर अशा काळ्या ट्रंका आहेत. त्या वाचून दाखवणारा माणूस प्रत्येक तालुक्याला असतोच असं नाही.

डिस्चार्ज बुकात 'कॅरेक्टर'पुढं 'एक्झम्प्लरी', म्हणजे आदर्श, लिहिलेलं होतं. तुम्ही ते भावाला दोनदा वाचायला लावलंत. पण साहेब, त्या पुस्तकाच्या पुढचं आता मी तुम्हाला सांगते, कारण ते कुठल्याच कागदावर नाही. १९८३ ला हवालदार म्हणून घरी आल्यावर आबा एका बँकेत गार्ड म्हणून लागले. पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, आंघोळ करून इस्त्रीचा गणवेश चढवायचा आणि नऊच्या एसटीनं बँकेत. संध्याकाळी परत येऊन रानात पाणी धरायला. पाण्याची पाळी रात्रीची असली तर बॅटरी घेऊन रात्री. आम्हा तिघांच्या वह्यांना कव्हरं तेच घालायचे, कोपरे असे दुमडायचे की वर्षभर हलायचे नाहीत. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हा केंद्राबाहेर भर उन्हात बारा बोअरची बंदूक खांद्याला लावल्यासारखे ताठ उभे होते, फक्त हातात बंदुकीऐवजी ताकाची बाटली. मैत्रिणी हसल्या होत्या. आईचा गुडघा दुखायला लागल्यापासून पाण्याची कळशी त्यांनी तिला उचलू दिली नाही आणि गावातल्या पुरुषांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

आता कामाचं, कारण हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराला उपयोग व्हावा. पलटणीच्या रेकॉर्डला आईच्या नावापुढं 'बाई' नव्हतं आणि आधारकार्डावर होतं. जन्माचं तर रेकॉर्डला फक्त वर्ष. आम्हाला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय? तुम्ही म्हणालात, "काकींना ८० पूर्ण झाली की फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के वाढ लागते. तेव्हा जन्मतारखेवरनं अडायला नको. आत्ताच नीट करून घेऊ." आई बहात्तरची आहे. आठ वर्षांनंतरची सोय तुम्ही त्या टेबलावर बसून केलीत. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तुमच्याच अक्षरात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत आलात तेही तुमच्याच मोटारसायकलवर, आणि तिथून कागद बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला गेले. 'स्पर्श' या फौजेच्या पेन्शनच्या पोर्टलवर माहिती भरताना आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. भांडी घासून झिजलेली बोटं ती. तुम्ही तिला हात कोमट पाण्यात धरायला लावलेत, पुसून कोरडे करायला सांगितलंत आणि मग ठसा आला.

आणखी एक. आबांच्या खात्यावर ते गेल्यानंतरच्या महिन्याचं पेन्शन जमा झालं होतं. एटीएम कार्ड घरातच होतं आणि भावाला वाटत होतं, आपलेच तर पैसे. तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत की त्याला हात लावायचा नाही, आधी बँकेला मृत्यूचा दाखला द्या, ती रक्कम परत जाते. तुम्ही बोलला नसता तर पुढं वसुलीचं झेंगट मागं लागलं असतं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, हे आईच्या आता पक्कं ध्यानात आहे. दिवाळीच्या फराळाच्या यादीखाली तिनं ते लिहून ठेवलंय.

पेन्शन सुरू झालं. आबांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांचा दर, त्यावर महागाई, असं तुम्ही वहीच्या पानावर मांडून दाखवलं होतंत. ते पान आईनं ट्रंकेत ठेवलंय, मेडल्सच्या खाली. पहिल्या रकमेतून तिनं तुमच्यासाठी घोंगडं घ्यायला लावलं. ते तुम्ही घेणार नाही हे मी तिला सांगितलंय, पण ती म्हणते, "घेतील. जंगीच्या घरून आलंय म्हणावं."

एक गोष्ट मात्र तुम्हाला ऐकावीच लागेल. त्या खोलीत तुम्ही एका बोटानं टायपिंग करता आणि बाहेर बाकड्यावर लोक ताटकळतात. भाऊ पुण्याहून शुक्रवारी रात्री येतोच. येत्या शनिवारपासून तो लॅपटॉप घेऊन तुमच्या शेजारी बसणार आहे. त्यानं खोलीची किल्ली तुमच्या पुतण्याकडून आधीच घेतली आहे, तेव्हा नाही म्हणून उपयोग नाही.

आपली नम्र,
हवालदारांची थोरली लेक