सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर मोडीत काढण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर उभा होतो. शेजारच्या शेडमध्ये सीएनसीवर काम करणाऱ्या एका पोरानं मोबाइल माझ्यापुढं धरला. अमेरिकेतला कुणी माणूस तेलकट कागदाची गुंडाळी उलगडत होता आणि आतून ग्रीसनं माखलेलं जुनं लष्करी पिस्तूल निघत होतं. पोरगं म्हणालं, "मामा, तुम्ही मिलिटरीत हत्यारं दुरुस्त करत हुता न्हवं? असलं एखादं आपल्याकडं घावंल काय? पन्नास-साठ हजार गेलं तरी चालतील. कलेक्शनला पण हुतंय आणि नेमबाजी पण शिकीन."

"पैसं ऱ्हाऊ दे, आधी बस," म्हटलं. त्याला तासभर जे सांगितलं ते आपल्या वाचकांसाठीही लिहावं असं वाटलं, कारण हा प्रश्न विचारणारा तो पहिला नव्हे. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्य आणल्यापासून तर महिन्यातून एखादा तरी विचारतोच. शिवाय परवान्याच्या जुन्या हत्यारांबाबत मला सरकारला एक विनंती करायची आहे. तिच्यामागची गोष्ट शिरोळ तालुक्यातली आहे, ती पुढे येईल.

मी सैन्याच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. २००० साली हवालदार म्हणून घरी आलो. माझं आयुष्य कोतात गेलं. कोत म्हणजे पलटणीची हत्यारांची खोली. ईशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ एमएमचं पिस्तूल मी डोळे मिटून खोलून परत जोडत असे. ते मूळचं ब्राउनिंगचं हायपॉवर, मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या. हाताला इतकं बरोबर बसणारं दुसरं पिस्तूल मी पाहिलं नाही. तेव्हा जुन्या पिस्तुलाचा नाद मला कळत नाही असं कुणी समजू नये.

आधी अमेरिकेचं. तिथल्या लष्करानं १९११ मॉडेलची पॉइंट ४५ पिस्तुलं १९८५ पासून बाजूला काढायला सुरुवात केली, आणि त्यातली शिल्लक २०१८ पासून एका नेमबाजी संस्थेमार्फत नागरिकांना विकायला काढली. माझा भाचा टेक्सासात असतो, त्यानं अर्ज केला होता. अर्ज पोस्टानं पाठवायचा, नागरिकत्वाचा पुरावा, संलग्न क्लबचं सभासदत्व, नेमबाजी केल्याचा दाखला, पोलिसी तपासणी एकदा संस्थेकडून आणि एकदा दुकानात. पुढं सोडतीत नंबर लागेल तेव्हा माणशी एक. पहिल्या फेरीत चांगल्या दर्जाच्याला १०५० डॉलर, त्याखालच्याला ९५०, त्याखालच्याला ८५०. व्हिडिओत कागद उलगडतानाचा भाग दिसतो, हे सगळं दिसत नाही.

भाच्याला मिळालेलं पिस्तूल त्यानं व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं. वरची स्लाइड रेमिंग्टन रँडची, खालची फ्रेम कोल्ट कंपनीची. तो हिरमुसला होता, म्हणाला, "मामा, मला जोड लावलेलं गंडवलं की." मी म्हटलं, अरे, लष्करी पिस्तूल असंच असतं. वर्कशॉपमध्ये एका वेळी शंभर पिस्तुलं खोलली की कुणाची स्लाइड कुणाच्या फ्रेमवर बसली हे कोण बघतो? गोळी सुटली, नेम बसला, रवाना. सगळ्या भागांचे नंबर एकच असावेत हा संग्राहकाचा हट्ट, आर्मररचा नव्हे. आणि रेमिंग्टन रँड म्हणजे टाइपरायटरवाली कंपनी. आपल्याकडं कोर्टाबाहेर टायपिस्ट ज्या नावाच्या मशीनवर खडखड करत बसायचे ते नाव. युद्धाच्या काळात ती पिस्तुलं बनवत होती. शिलाई मशीनवाल्या सिंगरनंही पाचशे बनवली आणि थांबली. आज त्या पाचशेतलं एक हातात असेल तर त्यावर घर होईल, म्हणूनच खोटा सिंगरचा ठसा मारलेलीही फिरतात. ठसा वाचायला शिकल्याशिवाय संग्रह करू नये, एवढं मी त्या पोराला दोनदा सांगितलं.

आता आपल्याकडचं. लष्कर वा पोलिस खात्याची निकामी पिस्तुलं सामान्य नागरिकाला विकायची सोय आपल्या देशात नाही. ९ एमएम, पॉइंट ३८ ही बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, 'प्रोहिबिटेड' म्हणजे प्रतिबंधित. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, फाइल दिल्लीला गृह मंत्रालयात जाते. सर्वसाधारण परवान्यावर पॉइंट ३२ मिळतं, आणि परदेशी हत्यार आणायला ऐंशीच्या दशकापासून बंदी असल्यानं जुन्या परदेशी पिस्तुलाची किंमत ऐकून माणूस मोटारसायकलचा विचार करायला लागतो. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली, वारशानं आलेली धरून. दोन हत्यारांत कसला संग्रह होणार? हौसेसाठी कायदा ढिला करा असं मी म्हणत नाही. लग्नाच्या वरातीत बार काढणारे मीही पाहिलेत. त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही लागू आहे, ते बरंच झालं.

आणि मोबाइलवर "आर्मी सरप्लस, घरपोच" असा मेसेज आला तर तो एकतर पैसे बुडवणारा असतो, नाहीतर गावठी कट्टा गळ्यात मारणारा. विनापरवाना प्रतिबंधित बोअर सापडलं तर सात ते चौदा वर्षं. ऐकून पोराचा चहा गार झाला.

नेमबाजी शिकायला मात्र लष्करी पिस्तूल लागतच नाही, उलट ते आडवं येतं. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या एन्फील्ड रिव्हॉल्व्हरचं उदाहरण घ्या. रणगाड्यातल्या जवानांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागचा हातोडा, कशातही अडकायचा म्हणून त्याचं वरचं टोकच कापून टाकलं. मग घोडा अंगठ्यानं मागं ओढता येईना, दर गोळीला नुसत्या बोटानं पाच-सहा किलोचा खेच. स्पर्धेत हवेच्या पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी पाचशे ग्रॅम, पंचवीस मीटरच्या पॉइंट २२ चा एक किलो. आणि दहा मीटरवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पाच किलोचा ट्रिगर ओढून ते बटण कोण फोडणार? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई खेळांत पालेमबांगला सुवर्ण घेतलं ते पॉइंट २२ वर. पोराला म्हटलं, क्लबात नाव घाल, हवेच्या पिस्तुलावर सुरू कर, दोन वर्षं हात स्थिर होऊ दे. साठ हजार त्यात घाल.

आता शिरोळची गोष्ट.

सैनिक टाकळीकडच्या एका निवृत्त सुभेदारांचं आणि माझं बरं होतं. त्यांच्याकडं वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं पॉइंट ३८ चं रिव्हॉल्व्हर होतं, परवान्यासह. फौजेत 'एनएसपी' म्हणून एक प्रकार असतो, नॉन सर्व्हिस पॅटर्न. जी हत्यारं सैन्याच्या नेहमीच्या वापरात बसत नाहीत ती जबलपूरच्या डेपोतून नोकरीतल्या वा निवृत्त फौजींना विकत मिळत. भारतात लष्करी शिल्लकीचं पिस्तूल घरी यायचा हा एवढाच सरळ रस्ता. या रस्त्यावरही काहींनी घाण केली, घेतलेली हत्यारं नफ्यात बाहेर विकली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. सुभेदारांनी मात्र आपलं रिव्हॉल्व्हर कधी गावाला दाखवलंही नाही. निवडणूक आली की पोलिसात जमा करायचे, संपली की परत आणायचे. एकदा परत आलं तेव्हा नळीवर चावीनं ओढल्यासारखा ओरखडा होता. पोत्यात इतर बंदुकांसोबत टाकलं असणार. ते बोलले काही नाहीत, मला नुसतं दाखवलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात छातीभर पाणी आलं. बोटीतून माणसं निघाली, रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात राहिलं. पाणी ओसरल्यावर त्यांचा फोन आला. गेलो तर अंगणात खाटेवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ते ठेवलं होतं. त्यांनी शेजारी परवाना आणून ठेवला आणि म्हणाले, "आता बघा."

पुराचा गाळ तुम्हाला माहीत आहे, सिमेंटसारखा वाळतो. वेब्ली मधून मोडतं, म्हणजे घोड्याशेजारची कडी अंगठ्यानं दाबली की नळी पुढं झुकते आणि सहाही खोकी एका झटक्यात बाहेर पडतात. कडी हलेना. चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. उकळतं पाणी ओतत, रॉकेलचा हात देत अर्ध्या तासानं ती उघडली. नळीतून पहिली चिंदी ओढली ती राखाडी आली, दुसरी तांबडी, पाचवी कुठं जरा माणसात आली. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, कडेनं खाल्ले गेले होते, पण ते पुराचं काम नव्हे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते पेटल्यावर नळीत मीठ राहतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं. गोळी मारल्यावर त्याच संध्याकाळी गरम पाण्यानं धुतलं नाही तर तेल कितीही चोपडा, नळी गेलीच. आमच्या आधी कुणीतरी एक संध्याकाळ आळस केला होता.

गाळ निघाल्यावर फ्रेमवर 'वॉर फिनिश' हा ठसा दिसला. युद्धाच्या घाईत पॉलिश न करता राखाडीच सोडलं की वेब्ली कंपनी तसा ठसा मारायची. त्याच्याजवळ दोन बाण, टोकाला टोक लावलेले. एक बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता, टोकाला टोक म्हणजे ती सरकारनं विकून टाकली. म्हणजे ब्रिटिशांनी एकदा विकलेलं रिव्हॉल्व्हर मग कुणाकुणाच्या हातून, कशात पकडलं जाऊन जबलपूरला आलं, आणि तिथून टाकळीला. सुभेदारांनी चष्मा लावून ते बाण पाहिले. इतकी वर्षं घरात असून त्यांनी पाहिले नव्हते. म्हणाले, "म्हस गेली, भात गेला, ही बया तेवढी वाचली." मी कागद ठेवून पेन्सिलनं नंबर आणि ठसे घासून घेतले, सवयीनं.

दीड वर्षानं सुभेदार गेले. मुलगा ऊस बघतो, त्याला हत्याराचा सोस नाही, वडिलांची आठवण म्हणून हवं होतं एवढंच. कायद्याप्रमाणं त्यानं ते जमा केलं आणि वारस म्हणून अर्ज केला. बोअर प्रतिबंधित, फाइल वर जाणार, आणि 'जिवाला धोका काय' असं विचारलं की उसाच्या शेतकऱ्यानं काय सांगायचं? मी त्याला सुचवलं, चालवायचं नाहीच तर कायमचं निकामी करून ठेवायला परवानगी माग. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की जुन्या धाटणीचं, पुराणवस्तूच्या मोलाचं वा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. आम्ही दोघं तो अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या भल्या माणसानं कलम वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "पण हे चालणार नाही असं लिहून कोण देणार?" त्याला कुणाचं नाव माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. तीन चकरा झाल्या. मग साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, मुलाचं येणं थांबलं, आणि एक दिवस कळवण्यात आलं की मुदत उलटली, हत्यार सरकारजमा. पुढं ते इतर हत्यारांबरोबर नष्ट केलं असं समजलं.

संपादक महोदय, आमच्या उद्यमनगरात दिवसरात्र लोखंड वितळतं, मला भट्टीचं वाईट वाटायचं कारण नाही. पण ज्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत तिथं अशी दहा-वीस हत्यारं तरी म्हाताऱ्यांच्या कपाटात असतील, आणि ती म्हातारी माणसं आता एकेक करून जात आहेत. माझी मागणी एवढीच आहे की जिल्ह्यात एक माणूस नेमा, सरकारी आर्मरर असो की पोलिस मुख्यालयाचा, ज्यानं वारसाच्या समोर नळीत पोलादी खुंटी वेल्ड करावी, घोड्याची टाचणी कापावी, सिलिंडर आरपार कापावा आणि सहीशिक्क्याचा दाखला द्यावा. लेथवर दुपारभराचं काम आहे. ज्या घराला नको असेल त्यांनी ते दाखल्यासह आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयाला द्यावं. न्यू पॅलेसमध्ये राजांची शस्त्रं बघायला माणसं रांग लावतात, एखादी काच सुभेदारांसाठीही असू द्या.

ज्यांच्या घरात असं हत्यार परवान्यावर आहे आणि परवानाधारक सत्तरीपार आहेत, त्यांनी वारसाचा अर्ज त्यांच्या हयातीतच करावा. २०१६ च्या नियमांत ती सोय आहे, आम्हाला ती उशिरा कळली. अर्ज करण्याआधी नंबर आणि सगळे ठसे उतरवून घ्या, पेन्सिल आणि पातळ कागद पुरतो. टाकळीच्या वेब्लीचा तसा कागद माझ्याकडं आहे. सुभेदारांच्या मुलानं तो मागवला आहे, येत्या रविवारी देऊन येणार आहे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर