मी मेलोय का, असं विचारलं होतंस

पुणे
श्रावणातला रविवार

प्रिय दिग्या,

मे महिन्यात शिरोळच्या लग्नात पंगत उठल्यावर तू मला मांडवामागे गाठलंस. म्हणालास, "पैसे मोजून परक्या बाईला मनातलं सांगायला जातोस, मी मेलोय का?" मी हसून विषय बदलला. पण तो प्रश्न तीन महिने डोक्यात आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवात तुला ठाऊक नाही. दीड वर्षापूर्वी पोरीला क्लासहून यायला वीस मिनिटं उशीर झाला आणि माझी छाती अशी धडधडायला लागली, की बायकोने रिक्षा करून दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल, सगळं नॉर्मल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हृदयाच्या डॉक्टरांनीच एका मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली. त्यांनी काही महिन्यांपुरती गोळी लिहिली आणि बोलण्यातून उपचार करणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. दर गुरुवारी संध्याकाळी पन्नास मिनिटं, १५०० रुपये. बायको म्हणाली, बुलेट घेतली असतीस तर हप्ता भरलाच असतास ना.

पहिले तीन महिने वहीचं काम. उशीर झाला, की मनात काय येतं ते लिहायचं. माझं वाक्य ठरलेलं होतं: अपघातच झाला असणार. मॅडम त्यातल्या 'च'वर पेन्सिल टेकवायच्या. पोरगी सुखरूप यावी ही इच्छा, पण ती सुखरूप आहे हे मला आत्ताच्या आत्ता कळलंच पाहिजे हा हट्ट. इच्छा आणि हट्ट वेगळे करायचे, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मार्ग. त्याने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडला आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवला. सोबत श्वासाचे व्यायाम आणि पोरीला मुद्दाम फोन न करता पंधरा मिनिटं बसून राहणं. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत!

धडधड निम्म्यावर आली. मी कारखान्यातला माणूस, मशीन चालू झालं की बिल द्यायचं आणि निघायचं. पण जाता जाता माझ्याच तोंडून निघालं, "मॅडम, ग्रीस भरलं की बेअरिंग तापायचं थांबतं, पण शाफ्टच वाकडा असला तर?" त्या म्हणाल्या, "मग बघू या का शाफ्ट?"

इथून पुढचं सांगायला मला जड जातंय.

अण्णा एसटीत कंडक्टर होते हे तुला माहीत आहे. त्यांची तिकिटाची पेटी आपण खेळायला पळवायचो. पण मुक्कामाची ड्युटी त्यांना ऐनवेळी लागायची आणि कळवायला आपल्या गल्लीत फोन कुठला? शेवटची गाडी डेपोत लागून गेली, की आई उंबऱ्यावर बसायची. बोलायची नाही, रडायची नाही. फक्त "झोप तू" म्हणायची. मी नऊ वर्षांचा. तिच्या पाठीमागे अंथरुणात डोळे मिटून सायकलच्या घंटीची वाट बघायचो. मला वाटायचं, मी झोपलो तर ते येणार नाहीत.

हे मी विसरलो नव्हतो बरं का. आठवण होतीच, पण एखाद्या सिनेमातल्यासारखी, लांबची. त्या दिवशी सांगताना पाय गार पडले. मॅडमनी काही समजावलं नाही. एवढंच विचारलं, "त्या पोराला ड्युटीवरून कुणी सोडलंच नाही का?"

खरी गंमत पुढे झाली. गेल्या दिवाळीत त्या तीन आठवडे सुट्टीवर गेल्या. मी म्हटलं, काही हरकत नाही. त्या परतल्यावरच्या गुरुवारी मी सहाऐवजी सातला पोचलो, वेळच विसरलो. पुढच्या वेळी त्यांनी शांतपणे विचारलं, "माझा राग आला होता का?" मी म्हटलं, छे. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. मग म्हटलं, "राग आला असता, तर चाललं असतं?" आणि लेका, चव्वेचाळीस वर्षांचा मी तिथे हमसून रडलो. अण्णांवर रागवायची सोय आमच्या घरात नव्हती. ते पोटासाठी बाहेर होते. पोटासाठी बाहेर असलेल्या माणसावर कोण रागावणार?

जुन्या माणसावरचा भाव नव्या माणसावर असा येऊन बसतो, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. हे फ्रॉइडच्या घराण्यातलं, म्हणजे मनात खोल दडलेलं खणून काढणाऱ्या मनोविश्लेषणातलं. नुसत्या वहीत हे कधीच आलं नसतं. पुढे एकदा त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, अण्णांशी बोला. ते गेस्टाल्ट नावाच्या आणखी एका उपचारपद्धतीतलं. मला फार बावळट वाटलं. मी खुर्चीला एवढंच म्हणालो, "निरोप तरी धाडायचा." तेवढंच होतं बहुतेक.

मी विचारलं होतं, तुमची नेमकी पद्धत कुठली? त्या म्हणाल्या, एकात्मिक. मला वाटलं, म्हणजे मिसळ. पण मिसळीतसुद्धा कट कधी ओतायचा याला नियम असतो. आधी माणूस उभा राहिला पाहिजे, मग खणायचं. झोप नसलेल्याला, घाबरून थरथरणाऱ्याला पहिल्याच दिवशी बालपणात नेऊन सोडणं बरं नव्हे. आणि कुठली गोष्ट का करतोय, हे त्या दर वेळी सांगतात. जो सांगत नाही, त्याच्याकडे जाऊ नये असं माझं मत झालंय.

मग मी वाचत सुटलो, माझी खोड तुला माहीत आहेच. सगळ्या पद्धतींचा गुण साधारण सारखाच येतो आणि त्यामागे सगळ्यांत समान असलेल्या गोष्टी असाव्यात, असं रोझेनझ्वाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३६ सालीच लिहून ठेवलंय. मनोविश्लेषण आणि थेट वागणं बदलायला लावणारा वर्तनोपचार एकत्र नांदू शकतात, हे वाख्टेल या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांची भेट एकदाही झाली नाही, सगळा व्यवहार पत्रांवर. आणि पत्रांतून बोस त्याला सरळ सांगायचे, की तुमचं हे मला पटत नाही. तरी फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कोलकात्याहून हस्तिदंती विष्णू गेला आणि त्याने तो टेबलावर ठेवला. मला हे फार आवडलं.

आता तुझा प्रश्न. तू मेलेला नाहीस, म्हणूनच तुला सांगता आलं नाही. तुझ्यासमोर मी चौथीपासून विनोदी आहे. तुझा राग आला तरी मी जोक मारतो. तू अण्णांना ओळखतोस, त्यांची बाजू घेशील. आणि घेतली नाहीस तर मला वाईट वाटेल. त्या खोलीत अण्णांना ओळखणारं कुणी नव्हतं.

गेल्या महिन्यात अण्णांना फोन करून विचारलं, मुक्कामाला असताना आमची आठवण यायची का? त्यांनी अर्धा तास शाळेच्या व्हरांड्यातले ढेकूण आणि एका डेपो मॅनेजरची कुरापत सांगितली. शेवटी म्हणाले, "का रे, बरा आहेस ना?"

बरा आहे. परवा पोरगी तासभर उशिरा आली, मी दोनदाच गॅलरीत गेलो.

गणपतीला तू येणार आहेसच. निघताना फोन कर, पण कराड सोडलं, सातारा सोडलं असले फोन करू नकोस. किणीच्या नाक्यावर अडकलास तरी कळवू नकोस. मी जेवून झोपायचं ठरवलंय. किल्ली शेजारी ठेवतो, बघू जमतंय का.

तुझा,
बंड्या