पुन्हा न भेटणाऱ्या विषयाचे तीस तास

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या विद्याशाखेबाहेरचेही काही विषय शिकावेत, अशी तरतूद राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्य शासनाने २०२३ मधील शासन निर्णयांद्वारे केली आणि स्वायत्त महाविद्यालयांपाठोपाठ २०२४-२५ पासून ती संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली. कागदोपत्री या विषयांना ‘खुला ऐच्छिक विषय’ म्हणतात; वर्गात आणि स्टाफरूममध्ये त्यांचे नाव ‘ओई’, म्हणजे ‘ओपन इलेक्टिव्ह’. पश्चिम महाराष्ट्रातल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मी सव्वीस वर्षे भूगोल शिकवतो आहे. हे विषय हवेत म्हणून सहकाऱ्यांशी मी पुष्कळ वाद घातले आहेत, तेव्हा पुढची तक्रार त्यांच्या एका समर्थकाची आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो.

तक्रार अशी, की खुला ऐच्छिक विषय घेणारा विद्यार्थी त्या विषयाकडे बहुधा आयुष्यात पुन्हा वळणार नाही, आणि आपण मात्र त्याला तो विषय पुढची तीन वर्षे शिकायचाच आहे असे गृहीत धरून शिकवतो.

दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय म्हणजे तीस तासिका आणि पन्नास गुण. एवढ्या वेळात काय शिकवावे हा खरोखर अवघड प्रश्न होता, पण अभ्यासमंडळांनी तो स्वतःला फारसा विचारलाच नाही. वेळ कमी होता, याद्या तातडीने हव्या होत्या, म्हणून बहुतेक ठिकाणी बी. ए.च्या, बी. कॉम.च्या किंवा बी. एस्सी.च्या पहिल्या सत्राचा जुना अभ्यासक्रम काढला, त्यातले दोन घटक गाळले आणि वर ‘ओळख’ हा शब्द जोडला. आपल्याकडच्या कोणत्याही पहिल्या घटकात काय असते ते वाचकांना सांगायला नको: अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती आणि महत्त्व. ज्याला पुढे तोच विषय घेऊन पदवी मिळवायची आहे, त्याने ही पायवाट तुडवणे समजू शकते, कारण पुढे पाच सत्रे त्याची वाट पाहत असतात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र व्याप्ती संपते तेव्हा तासिकाही संपत आलेल्या असतात.

माझ्या स्वतःच्या वर्गातले सांगतो, म्हणजे दुसऱ्यावर बोट दाखवल्यासारखे होणार नाही. वाणिज्य शाखेच्या ५२ विद्यार्थ्यांना मला ‘प्राकृतिक भूगोलाची ओळख’ करून द्यायची होती. घटक चार: सूर्यमालेची उत्पत्ती, पृथ्वीचे अंतरंग, भूरूपे आणि शेवटी, जणू उरलेल्या जागेत, नकाशावाचन. तिसऱ्या आठवड्यातच वर्गातली उपस्थिती निम्म्यावर आली. तेव्हा मी क्रम मोडला. विभागाच्या कपाटातले भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे बाहेर काढले, बाके जोडली, पाच-सहा जणांत एक नकाशा पसरला आणि एवढेच सांगितले, की आपापले गाव शोधा. प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. दोन तपकिरी रेषांमध्ये उंचीचा फरक वीस मीटर. यापलीकडे पहिल्या दिवशी मी काही शिकवले नाही.

गाव सापडल्यावर मुले ओढ्यामागे जाऊ लागली. एका मुलीने विचारले, की नदी निळी असते म्हणता, मग आमच्याकडचे सगळे ओढे काळे का? या नकाशांत पात्रातले पाणी निळ्या रंगाने दाखवतात आणि कोरडे पात्र काळ्या रेषेने. तिच्या गावाभोवती निळा रंग फक्त पाझर तलावापुरता होता. वर्ग काही क्षण शांत झाला. दुष्काळ या मुलांनी टँकरच्या रांगेत पाहिला होता, कागदावर शाईच्या रंगात तो पहिल्यांदाच पाहत होती.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषा, घेतल्या. आमच्या भागात पाणलोटाची कामे बरीच झाली आहेत आणि डोंगरउतारावर सलग समतल चर खणायला यातले कित्येक जण उन्हाळ्याच्या सुट्टीत कुदळ घेऊन गेलेले आहेत. मागच्या बाकावरचा एक मुलगा आपल्या गावामागच्या टेकडीवरून एका तपकिरी रेषेवर बोट फिरवत होता. बोट मध्येच थांबले आणि तो म्हणाला, “सर, आमचा चर असाच वळत वळत गेलाय. सरळ का आखत नाही म्हणून आम्ही भांडलो होतो.” पाण्याने भरलेली नळी आणि दोन पट्ट्या घेऊन गावकऱ्यांनी जी ओळ आखली, ती समान उंचीची रेषा होती, सरळ खणला असता तर चराचे एक टोक खाली राहिले असते, पाणी तिकडे धावून बांध फुटला असता. हे त्याने मला समजावून सांगितले, मी त्याला नव्हे. मग आलेखाच्या कागदावर त्याने त्या टेकडीचा उभा छेद काढला, आणि तो चुकीचा आल्यावर पुन्हा काढला. सव्वीस वर्षांत भूगोल मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्याने छेद स्वतःहून दुसऱ्यांदा काढल्याचे मला फारसे आठवत नाही.

सत्राअखेर लेखी परीक्षा झाली. तीत सियाल, सायमा आणि निफे हे पृथ्वीच्या अंतरंगाचे थर विचारले गेले. त्या मुलाला काठावरचे गुण मिळाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात बहुविद्याशाखीय विषयांबाबत एक शहाणी अट आहे, की बारावीपर्यंत शिकून झालेलेच विषय विद्यार्थ्याने पुन्हा घेऊ नयेत. त्या अटीचा अर्थ पुस्तकातल्या प्रकरणांनाही लावायला हवा होता. पृथ्वीचे अंतरंग आपल्या मुलांनी आठवीत केलेले असते. समोच्चरेषाही सातवीच्या पुस्तकात असतात असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण तिथला डोंगर कोणाच्याच गावामागचा नसतो.

सहकारी विचारतात, की मूलभूत संकल्पनांशिवाय थेट उपयोगाकडे कसे जाणार. अशाने विषयाची शिस्तच राहणार नाही. हा आक्षेप मीही अनेक वर्षे घेत आलो आहे. परंतु सायमा ठाऊक नसताना समोच्चरेषा कळते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर तो मला टिकवता आलेला नाही.

हे भूगोलापुरते आहे असेही नाही. त्याच सत्रात शेजारच्या वर्गात बी. एस्सी.ची मुले लेखाशास्त्राची ओळख करून घेत होती, म्हणजे लेखांकनाच्या व्याख्या आणि संकेत उतरवून घेत होती. यातल्या अनेकांच्या घरी साखर कारखान्याचा शेअर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी कारखान्याचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल घरी येतो, त्यातले फोटो पाहिले जातात आणि ताळेबंदाची पाने न उलगडताच तो रद्दीत जातो. आजीची ठेव गावच्या पतसंस्थेत असते. संस्थेला ऑडिटचा ‘अ’ वर्ग मिळाला की ‘क’, थकबाकी किती, संचित तोटा कुठल्या ओळीत लिहिलेला असतो, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. तीस तासिकांत हा एक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचता आला, तर बी. एस्सी.च्या मुलाला लेखाशास्त्राकडून आणखी काय हवे आहे? इतिहास विभागाला मोडी वाचन घेता येईल, ज्यासाठी जुने कागद सांभाळणारी घरे गावोगाव आहेत. आपापल्या विषयातले असे काही प्रत्येक प्राध्यापकाला सुचेल, फक्त प्रश्न योग्य विचारला पाहिजे: या मुलांना माझ्या विषयाचे तीसच तास मिळणार असतील, तर त्यांच्या हाती काय द्यावे?

तो प्रश्न विचारला जात नाही याचे एक कारण उघडपणे बोलले पाहिजे, ते म्हणजे कार्यभार. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन दाखवावे लागते. मुख्य विषयाची पटसंख्या घटली की तास कमी पडतात आणि मग ज्याचा कार्यभार भरत नाही त्याच्या विषयाचा ओई उघडतो. प्रवेशाच्या वेळी मुलांपुढे पंधरा-वीस विषयांची ‘बास्केट’ असते खरी, पण वेळापत्रक लागते तेव्हा सूचनाफलकावर तुकडीनिहाय वाटप झालेले असते. अमुक तुकडीला भूगोल, तमुक तुकडीला मानसशास्त्र. निवड विद्यार्थ्याची, असे धोरण म्हणते. प्रत्यक्षात मुले एकमेकांना विचारतात ते इतकेच, की कुठल्या विषयात पेपर सोपा येतो. मी याचा दोष कोणा एकाला देत नाही, कारण पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांच्या तर पोटाचाच प्रश्न आहे. मात्र बाहेरच्या शाखेचा वर्ग हा हमखास नवख्याच्या किंवा नाइलाजाने तास घेणाऱ्याच्या वाट्याला येतो, हे थांबायला हवे. विषय ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्यालाच तो परक्याला थोडक्यात सांगता येतो. हा वर्ग विभागातल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाने घ्यावा.

परीक्षेचा उपाय ‘प्रकल्प द्या’ असा सरधोपट सुचवला जातो, त्याविषयी सावध असावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरणाचा अभ्यास सर्व शाखांना आवश्यक ठरला, पुढे पदवीसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आला, आणि त्याबरोबर आला तो पर्यावरणाचा प्रकल्प, जो महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागला. इतक्या चांगल्या हेतूचे इतके स्वस्त मुखपृष्ठ क्वचितच झाले असेल. काम वर्गात, शिक्षकासमोर आणि ज्याच्या त्याच्या गावावर झाले, तर ते दुकानात मिळत नाही, कारण प्रत्येकाची टेकडी वेगळी असते. ५२ छेद तपासायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेवढ्याच उत्तरपत्रिकांना याहून कमी वेळ लागत नाही.

एकाच विद्याशाखेच्या छोट्या महाविद्यालयांची अडचण निराळी आहे. जिथे फक्त कला शाखा आहे, तिथे दुसऱ्या विद्याशाखेचा विषय शिकवणार कोण? ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरून काही श्रेयांक मिळवण्याची मुभा आहे, परंतु तिथले बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत आणि आमच्या मुलांची गाडी तिथेच अडते. तालुक्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी आठवड्यातली एक दुपार सामाईक ठेवून शिक्षकांची देवाणघेवाण केली, तर एसटीच्या भाड्यापलीकडे खर्च नाही.

शाखांच्या भिंती ओलांडण्याची ही कल्पना परदेशातून काल आलेली आहे असे मानून तिची टिंगल करणारे सहकारीही मला भेटतात. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालातच सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी प्राचीन आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांची वजने करत बसले, झिजलेल्या नाण्याच्या वजनावरून त्याच्या वापराचा काळ संख्याशास्त्राने ताडता येतो हे त्यांनी दाखवले, तेव्हा त्यांना कोणी दोन श्रेयांक दिले नव्हते. दोन श्रेयांकांनी कोसंबी घडत नाहीत, हे मलाही समजते. नाणे तराजूत घालून पाहावेसे वाटणे, एवढे मात्र तीस तासांत घडू शकते.

माझी मागणी लहान आहे. खुल्या ऐच्छिक विषयाचा कोणताही अभ्यासक्रम मंजूर करण्यापूर्वी अभ्यासमंडळाने तो दुसऱ्या विद्याशाखेच्या किमान दोन शिक्षकांना वाचायला द्यावा आणि त्यांचा अभिप्राय इतिवृत्तात नोंदवावा. मी माझा अभ्यासक्रम आमच्या वाणिज्य विभागातल्या एका मित्राला दाखवला. पहिला घटक वाचून चष्मा काढत त्यांनी विचारले, “हे आमच्या पोरांना कशाला?” मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर नकाशावाचनाला वीस तासिका देणारा नवा मसुदा मी तयार केला असून तो योग्य त्या मार्गाने पाठवला आहे. पुढील शैक्षणिक वर्षाच्या विषयांच्या याद्या सध्या ठिकठिकाणी तयार होत आहेत, म्हणून हे पत्र आताच लिहिले. शक्य झाल्यास ते त्याआधी प्रसिद्ध करावे.

आपला विश्वासू,
एक भूगोल शिक्षक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)