तलावाच्या पाळीतून गढूळ पाणी आले तर सांगायचे कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृग तोंडावर आला आहे. आमच्या साकोली तालुक्यात धुरे म्हणजे शेताचे बांध नीट करणे, पऱ्ह्यांसाठी म्हणजे धानाच्या रोपांसाठी जागा नांगरणे सुरू झाले आहे. माझ्या चार बांध्या (धानाचे वाफे) गावच्या मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीला (मातीच्या बांधाला) लागूनच आहेत. त्या पाळीबद्दल लिहितो आहे. पत्र पाऊस लागायच्या आत छापावे, ही विनंती.

मागच्या वर्षी पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. तीन दिवसांची झड होती, तलाव काठोकाठ भरला होता. सकाळी बांधीवर गेलो तर तुडुमापासून (पाणी सोडायच्या दारापासून) वीस-पंचवीस पावलांवर, पाळीच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार चालू. तिथे ओल माझ्या लहानपणापासून आहे. उन्हाळ्यातही त्या पट्ट्यात गवत हिरवे राहते, ढोरे तिथेच चरतात. मातीची पाळ थोडी पाझरायचीच, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण ते पाणी नेहमी नितळ असे. त्या दिवशी धारेला पिवळट रंग होता.

स्टीलच्या गिलासात पाणी धरले आणि गिलास धुऱ्यावर ठेवला. थोड्या वेळाने तळाशी नखभर गाळ बसला. पाळीच्या पोटातली माती त्या गिलासात उतरत होती. पाणी माती घेऊन बाहेर पडू लागले की आत पोकळी होते, तिची नळी होते आणि ती नळी मागे मागे तलावाच्या पाण्याकडे सरकत जाते. ती पाण्याला भिडली की मग काही तासांतच पाळ जाऊ शकते. म्हणून गळती किती आहे यापेक्षा ती नितळ आहे की गढूळ, आणि कालपेक्षा वाढली का, हे आधी पाहायचे. पाळीवर लांब भेग पडणे, माथा खचणे, उताराचा भाग फुगणे किंवा घसरणे, पायथ्याशी उकळल्यासारखे बुडबुडे येऊन रेतीची वारुळे होणे, तलावात पाळीजवळ भोवरा दिसणे, या खुणा सगळ्या त्याच जातीच्या. यातली एक दिसली तरी सकाळ होण्याची वाट पाहू नये.

मी धावत गावात आलो. पाटीवर रंगवलेला नंबर ज्या साहेबांचा होता, त्यांची बदली झालेली. दुसरा नंबर लागेना. यात एक तास गेला. तोवर कोणीतरी मोबाइलवर ‘तलाव फुटला’ असे पसरवले, शेजारच्या गावातली माणसे घर सोडून पळाली, आणि आमची पोरे मात्र बघायला म्हणून पाळीवर चढली. एकाने मुरूम टाकायला ट्रॅक्टर थेट पाळीवर घातला. खालच्या टोलीत (वस्तीत) सत्तावीस घरे आहेत, पाणी आले तर आधी त्यांच्याच दारात. त्यांना मात्र कोणी सांगितलेच नव्हते. कोतवालाने दवंडी दिली तेव्हा बायका चुलीपुढे होत्या.

लोक चिकणमातीचे गोळे घेऊन छिद्र बुजवायला निघाले होते. कालव्यावर पाटकरी (पाणी सोडणारे) म्हणून जन्म काढलेल्या एका काकाजींनी त्यांना अडवले. म्हणाले, “बुजवू नोका गा. पानी येऊ द्या, माती तेवढी अडवा.” वरून तोंड बंद केले तर पाणी दुसरीकडून फोडून निघते. त्यांनी आधी जाड रेतीचा थर टाकायला लावला, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर मोठे दगड. भोवती खताच्या चुंगड्यांत (पोत्यांत) रेती भरून कडे केले. तुडुम थोडे थोडे उघडले. तलाव एकदम उतरवला तर पाण्याकडची ओली पाळ घसरते, हेही त्यांनीच सांगितले. दुसऱ्या टोकाला सलंगीवर, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जायच्या सांडव्यावर, आम्ही शेतकऱ्यांनीच पाणी जास्त टिकावे म्हणून चुंगड्या रचल्या होत्या. त्या आमच्याच हाताने काढल्या. ती चूक आमची होती, आणि ती बऱ्याच गावांत दरवर्षी होते.

दुपारपर्यंत धार नितळ झाली. अभियंता साहेब आले, त्यांनी पुढचे पाहिले. पाळ टिकली. टोलीतली माणसे दोन रात्री शाळेत राहिली.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. तिथल्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडायचे म्हटले की वैनगंगेकाठच्या गावांना इशारा जातो, आणि ऑगस्ट २०२० च्या शेवटी आलेला महापूर पाहिलेल्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात आपत्कालीन कृती आराखडा आहे, पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी आहे. पण तो कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. आमच्या पाळीची उंची ताडाच्या निम्मीही नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले असे हजारो तलाव आणि बोड्या (लहान तळी) त्या मापात बसत नाहीत, आणि त्यांच्या खाली वस्ती तर आहेच.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पाळीवर चालू नंबरांची पाटी हवी आणि ती दर मे महिन्यात तपासलेली हवी. तलाठी, शाखा अभियंता आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे तिन्ही त्यावर असावेत. पाणी आधी कोणत्या घरांत शिरेल त्यांची यादी कोतवालाकडे हवी, कारण रात्री वीज गेल्यावर मोबाइलचा भरवसा नसतो. एक ट्रॉली रेती आणि एक ट्रॉली गिट्टी तलावाजवळ पडून असावी. ती न्यायला माझा ट्रॅक्टर मी देतो. सलंगीवरच्या चुंगड्या आणि जाळ्या पाऊस लागण्याआधी निघाल्या पाहिजेत. आणि एका रविवारी टोलीतल्या लोकांनी शाळेपर्यंत चालून पाहावे, म्हाताऱ्यांना किती वेळ लागतो ते तरी कळेल.

तो रेती-दगडाचा थर अजून तिथेच आहे. झड लागली की मी रोज सकाळी गिलास घेऊन जाणार आहे. मी गावाला नसेन त्या दिवशी कोण जाईल, हे येत्या ग्रामसभेत ठरवून घेणार आहे.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी
ता. साकोली, जि. भंडारा