टेम्पलेटमध्ये मूल्ये कोरू नका

मा. संपादक,

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील बरीच मुले आता क्लाउडचे काम शिकून पुणे-बेंगळूरला नोकरी धरतात. टेम्पलेटमध्ये, म्हणजे क्लाउडवर काय काय उभे करायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, मूल्ये थेट लिहायची नाहीत, हे त्यांच्या पहिल्या तासापासूनच अंगवळणी पडायला हवे.

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडचे क्लाउडफॉर्मेशन घ्या; टेम्पलेट वाचून सर्व्हर वगैरे उभे करणारी ही सेवा. मुंबई रीजनचा (तिथल्या डेटा सेंटरच्या विभागाचा) एएमआय, म्हणजे सर्व्हरच्या तयार इमेजचा, क्रमांक फाइलमध्ये कोरला, की तीच फाइल हैदराबाद रीजनमध्ये सर्व्हर तयार करतानाच अडते आणि सगळा स्टॅक, म्हणजे त्या फाइलमधून उभा राहणारा संच, रोलबॅक होतो (मागे घेतला जातो). आतली सिस्टीम तीच असली तरी एएमआयचा क्रमांक रीजनगणिक वेगळा असतो. बकेटचे (फाइली साठवण्याच्या जागेचे) नाव कोरले तर त्याच नावाची बकेट आधीच आहे म्हणून दुसरा स्टॅक उभाच राहत नाही. ते नाव लिहूच नये, क्लाउडफॉर्मेशन स्वतः देते. रीजन आणि १२ आकडी खाते क्रमांक स्यूडो पॅरामीटरमधून (क्लाउडफॉर्मेशन स्वतः भरते त्या मूल्यांतून) घ्यावेत.

एएमआय पॅरामीटर स्टोअरमधून (एडब्ल्यूएसच्या मूल्ये साठवण्याच्या सेवेतून) आपोआप घेता येतो, पण इथे जपावे लागते. 'लेटेस्ट' इमेज बदलली, की स्टॅकच्या पुढच्या अपडेटमध्ये जुना सर्व्हर जाऊन नवा येतो आणि रूट डिस्कवरचा डेटाही सहसा जातो. म्हणून प्रॉडक्शनसाठी (प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेसाठी) तपासलेला क्रमांक रीजनवार मॅपिंगमध्ये (टेम्पलेटमधल्या तक्त्यात) ठेवावा आणि अपडेटआधी चेंज सेट (काय बदलणार त्याची यादी) वाचावा.

पासवर्डबाबत सर्वांत मोठा गैरसमज आहे. पॅरामीटरला (स्टॅक उभा करताना बाहेरून द्यायच्या मूल्याला) 'नो-एको' ही खूण लावल्याने पासवर्ड कन्सोलवर झाकला जातो, पण डिफॉल्ट (काही न दिल्यास वापरायचे मूल्य) म्हणून लिहिलेला फाइलमध्ये उघडाच राहतो. तो गिटमध्ये (फाइलच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) गेला असेल तर ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या आवृत्तीत) तो सापडतो. आधी पासवर्ड बदलावा, नवा सिक्रेट्स मॅनेजरमध्ये (एडब्ल्यूएसच्या गुपिते जपणाऱ्या सेवेत) ठेवून टेम्पलेटमध्ये फक्त त्याचा संदर्भ द्यावा.

अर्थात, दिसेल त्याचा पॅरामीटर करणेही चूकच. एचटीटीपीएसचा ४४३ पोर्ट खुशाल लिहावा. डेव्ह, टेस्ट, प्रॉड (विकास, चाचणी, प्रत्यक्ष वापर) यांत जे बदलते तेवढेच बाहेर काढावे आणि त्याला चालणाऱ्या मूल्यांची यादी जोडावी.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. येथील महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकात एवढी अट घालावी: एकच फाइल, एक अक्षरही न बदलता, मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही रीजनमध्ये उभी राहिली पाहिजे. गुण दिल्यावर दोन्ही स्टॅक डिलीट करून घ्यावेत, नाहीतर बिल चालूच राहते.

एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव